पशुवैद्याला विचारा: शेडची टाकी आणि घरची विळी

गौरी-गणपती उरकले की या सदराकडे कोंबडीची पत्रं सुरू होतात, हे आता ठरलेलंच आहे. श्रावणभर तोंडावर ताबा ठेवलेली मंडळी एका दमात कसर भरून काढतात. मग पोटाच्या, दराच्या, शेडमधल्या मरतुकीच्या तक्रारी एकाच टपालात येतात. या वेळी निवडलेली पत्रं लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत, पण कराडच्या ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खानापूर तालुक्यातल्या भाऊंच्या शेडमध्ये आहे. मी विट्याला जनावरांचा दवाखाना चालवतो, आणि इकडे गायी-म्हशींइतक्याच कोंबड्या बघाव्या लागतात. माणसांचं औषध मी लिहून देत नाही. तेवढं सोडून बाकी काहीही विचारा.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. एका रविवारी घरी चिकन केलं होतं. मंगळवारी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ताप, जुलाब आणि पोटात मुरडा सुरू झाला. दवाखान्यात शौचाची तपासणी केली. रिपोर्टमध्ये ‘साल्मोनेला’ आलं आणि खालच्या औषधांच्या यादीत सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’ असं लिहिलं होतं. मुलगा आता बरा आहे. सासूबाई म्हणतात हा टायफॉइडच, आणि तो इंजेक्शन टोचलेल्या बॉयलर कोंबडीमुळे झाला. चिकन बंद करावं का? — एक शिक्षिका, कराड

उत्तर: ताई, सासूबाईंचा संशय कोंबडीवर गेला तो रास्त आहे, बाकी दोन्ही गोष्टी मात्र चुकल्या.

टायफॉइडचा जंतू साल्मोनेलाच्याच कुळातला, पण तो फक्त माणसात राहतो. माणसाच्या मैल्यातून पाण्यात किंवा खाण्यात, तिथून पुन्हा माणसात, असा त्याचा फेरा. कोंबड्यांना ‘फाउल टायफॉइड’ म्हणून एक रोग होतो, पण त्याचा जंतू निराळा आणि तो सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. तुमच्या रिपोर्टवर साल्मोनेलाच्या पुढे ‘टायफी’ किंवा ‘पॅराटायफी’ असं लिहिलेलं नसेल, तर तो तिसऱ्या गटातला. या गटातले जंतू कोंबडीच्या, डुकराच्या, गुरांच्या, अगदी पालीच्यासुद्धा आतड्यात मुकाट राहतात. कोंबडी दिसायला ठणठणीत असते, त्यामुळे दुकानदाराला दोष देऊनही उपयोग नाही. त्याला ते बघून कळणारच नाही.

इंजेक्शनचं म्हणाल तर पाच हजार पक्षी एकेक करून धरायचे आणि सुई टोचायची, तर मजुरीतच शेड विकावं लागेल. दीड महिन्यात दोन-अडीच किलोचा पक्षी होतो तो जातीच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. औषध जातं ते पाण्यातून, आणि तो विषय पुढच्या पत्रात येतोच आहे.

आता तो ‘आर’. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य ओततात, ते थिजलं की त्यावर तुमच्या मुलाच्या शौचातून वेगळा केलेला जंतू सगळीकडे सारखा फासतात. मग वेगवेगळी औषधं मुरवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या त्यावर ठेवतात आणि बशी रात्रभर उबेत राहते. सकाळी बशीभर दुधी रंगाचा थर उगवलेला असतो. ज्या चकतीभोवती स्वच्छ, मोकळा घेर पडला, ते औषध चालतं. घेर किती मिलिमीटरचा आहे ते पट्टीने मोजतात. तुमच्या रिपोर्टमध्ये सिप्रोच्या चकतीला जंतू जवळजवळ खेटून उगवले असणार. औषध समोर ठेवलं तरी ते डगमगले नाहीत, एवढाच ‘आर’चा अर्थ.

इथे बहुतेकांचा एक घोटाळा होतो. औषधाला न जुमानणारा जंतू विस्तवालाही जुमानणार नाही, असं वाटतं. तसं अजिबात नाही. मांस आतपर्यंत ७५ अंशांना गेलं की साधा साल्मोनेला मरतो आणि हा ‘आर’वालाही तितक्याच मुकाट्याने मरतो. आपल्याकडे तर कोंबडी हाडावरून सुटेपर्यंत शिजते. पोरांसाठी काढलेली अळणी, मोठ्यांचा रस्सा, सुक्कं, यातलं काहीही उकळल्यावाचून ताटात येत नाही. म्हणून मी शिजलेल्या कोंबडीपेक्षा तिच्या शेजारी बसलेल्या कच्च्या कांद्यावर जास्त संशय घेतो.

त्या रविवारी कोशिंबिरीची काकडी आणि कांदा कुठे चिरला होता, ते जरा आठवून बघा. त्याच विळीवर? बहुतेक घरात कोंबडीचे मोठे तुकडे विळीवर सारखे करतात, विळी नुसत्या पाण्याखाली धरतात आणि लगेच लिंबू कापायला घेतात. पात्याच्या बुडाशी, जिथे ते लाकडात किंवा पाटात बसवलेलं असतं, तिथे बोट फिरवून बघा. चिकट लागेल. दुसरी गोष्ट, कोंबडी नळाच्या धारेखाली खळखळून धुणं. त्याने मांस निर्जंतुक होत नाही, जंतू मात्र ओट्यावर, शेजारच्या घासलेल्या भांड्यांवर, कोथिंबिरीच्या जुडीवर उडतात. धुतल्याशिवाय कुणाला पटणारच नाही हे मला माहीत आहे, माझ्या घरातही पटत नाही. तर निदान मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने धुवा, पाणी अलगद ओता आणि मग ओटा साबणाने पुसा. तिसरी, काळ्या पिशवीतली कोंबडी फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवणं. पिशवी गळते आणि खाली दही असतं.

आणि कच्च्या मांसाचा हात नळाच्या चावीला लागतो, तीच चावी नंतर मूल पाणी प्यायला फिरवतं. चावीला साबण कोण लावतं?

मुलाच्या उपचाराबद्दल तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. एवढं मात्र सर्वसाधारण ज्ञान म्हणून सांगतो, की या गटातल्या साल्मोनेलाचे जुलाब धडधाकट मुलात बहुतेक वेळा चार ते सात दिवसांत आपोआप थांबतात आणि खरा उपचार मीठ-साखरेचं पाणी म्हणजे ओआरएस हाच असतो. अशा वेळी अँटिबायोटिक दिलं तर काहींच्या शौचातून जंतू उलट जास्त दिवस पडत राहतो. शौचात रक्त, न उतरणारा ताप, तान्हं बाळ, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे औषध लागतं आणि तिथेच हा ‘आर’ अडवतो. म्हणून रिपोर्ट फाडून टाकू नका, फाइलला लावून ठेवा.

चिकन बंद करू नका. विळी मात्र दुसरी घ्या, एक कच्च्या मांसाची आणि एक भाजीची.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, माझं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीच्या करारावर. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, लाइट, मजुरी माझी. पिल्लू उतरलं की पहिले पाच दिवस पाण्यातून पावडर, गंबोरोची लस झाली की पुन्हा, आणि अठ्ठावीस दिवसांच्या पुढे घरघर सुरू झाली की पुन्हा एकदा. मागच्या हिवाळ्यातल्या बॅचला तीन औषधं बदलली तरी मरतूक थांबली नाही. मेडिकलवाला म्हणतो यापेक्षा जोरदार आहे, ते घेऊन जा. काय करू? माझी मंडळी आणि मुलगीही शेडात राबतात. — ब्रॉयलर पालक, खानापूर तालुका

उत्तर: भाऊ, जोरदार घेऊन येऊ नका. आधी शेडात जाऊन खाली बसा.

खरंच बसा, उकिडवे. रात्री पडदे बंद करून सकाळी पहिल्यांदा आत शिराल तेव्हा तुसाच्या गादीपासून वीतभर उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला, तर तुमच्या घरघरीचं मूळ सापडलं. आपल्या माथ्यावर हिवाळ्यात थंडी मरणाची पडते, म्हणून शेतकरी पडदे खालपासून वरपर्यंत आवळून बांधतो. गादी ओली असते, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि त्याला जायला वाट नसते. तो २५ पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या) वर गेला की पक्ष्याच्या श्वासनलिकेतले बारीक केस बधिर होतात. घाण बाहेर लोटायचं काम तेच करतात. ते थांबलं की धुळीबरोबर ई. कोलाय खाली फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत उतरतो. मेलेला पक्षी फाडला की काळजावर आणि यकृतावर पिवळट पांढरा पापुद्रा दिसतो, तो त्याचाच. आता अमोनिया तसाच ठेवून तुम्ही औषध टाकलंत, तर औषध संपायच्या आत नवा जंतू आत. तीन काय, तेरा औषधं बदला.

पडदा वरून खाली सोडायचा ठेवा, म्हणजे वरची हातभर फट कायम उघडी राहील आणि पिल्लांवर थेट वारा येणार नाही. पक्षी पाणी पितात त्या निपलखालची ओली गादी रोज उपसून कोरडं तूस टाका. कंटाळवाणं काम आहे, पण कुठल्याही पावडरीपेक्षा मरतूक यानेच कमी होते.

आता तुमची पावडर. पाण्यातून औषध देण्यात एक पेच आहे. जो पक्षी आजारी पडतो तो पंख पाडून कोपऱ्यात बसतो आणि पाण्याकडे फिरकत नाही. निरोगी पक्षी मात्र पोटभर पितात. म्हणजे ज्याला गरज त्याला अर्धी मात्रा, ज्याला नको त्याला पुरेपूर. त्यात डोस पाण्याच्या लिटरवर मोजलेला. उन्हाळ्यात पक्षी दुप्पट पाणी पितो, हिवाळ्यात कमी पितो, मग लिटरवरचा तोच डोस उन्हाळ्यात जास्त आणि हिवाळ्यात अपुरा पडतो. डोस पक्ष्यांच्या एकूण वजनावर काढायचा असतो. अपुऱ्या मात्रेत नाजूक जंतू मरतात आणि निबर उरतात, आणि चांगल्या उबेत ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. पहिल्या पाच दिवसांत तुम्ही निरोगी पिल्लांच्या पोटात हेच करून ठेवता. पुढे अठ्ठाविसाव्या दिवशी तेच औषध चालत नाही, याचं नवल का वाटावं?

एवढ्यावर थांबलं असतं तर प्रश्न तुमच्या बॅचपुरता होता. पण औषध पचवण्याची ही करामत जंतूच्या आत एका सुट्या डीएनएच्या कड्यावर लिहिलेली असू शकते. प्लाझ्मिड म्हणतात त्याला. परीक्षेत बाकावरून बाकावर कॉपीची चिठ्ठी सरकावी तसं ते कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, आणि दुसरा त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही. कोंबडीच्या ई. कोलायकडून साल्मोनेलाकडे, किंवा माणसाच्या पोटातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडे जाऊ शकतं. एका चिठ्ठीवर तीन-चार औषधांची उत्तरं असतात. त्यामुळे एक औषध वापरलं तरी न वापरलेली औषधंही निकामी होतात.

मंडळी आणि मुलीचा उल्लेख केलात म्हणून ही गोष्ट सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लीन मिसळून बघितलं. त्यांचं निरीक्षण १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय त्या औषधाला दाद देईनासे झाले. ते होणारच होतं. पण पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या शौचातही तसले जंतू शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडायला लागले. त्या माणसांनी औषधाचा एक कणही खाल्ला नव्हता. हाताला, कपड्याला, पायताणाला लागून आलं ते. म्हणून शेडाची चप्पल शेडापाशीच ठेवा, साबण आणि बादली दाराशी ठेवा, आणि शेडात बसून भाकरी खाणं, तंबाखू मळणं बंद करा.

आता तुमचा मेडिकलवाला जे ‘जोरदार’ म्हणतो त्याच्या डब्यावरचं बारीक नाव वाचा. तिथे कोलिस्टिन असेल तर ते परत करा. हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांत १९७० च्या सुमारास मागे पडलं होतं, आणि पोल्ट्रीत स्वस्त म्हणून पुढे आलं. दरम्यान माणसांवरची बाकीची औषधं एकेक करून निकामी झाली आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी डॉक्टरांना पुन्हा त्याच कोलिस्टिनकडे यावं लागलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली, की कोलिस्टिनला पुरून उरणारं ‘एमसीआर-१’ नावाचं जनुक डुकरांत, दुकानातल्या मांसात आणि रुग्णांतही सापडलं, आणि ते प्लाझ्मिडवर आहे. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत, माशांत आणि त्यांच्या खाद्यात वापरायच्या कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वाटप यांवर बंदी घातली. तेव्हा जुना साठा असो की नवा, ते तुम्हाला विकणं बेकायदा आहे. आपल्याकडचा गंभीर रुग्ण शेवटी मिरजेला नेतात. तिथल्या डॉक्टरच्या हातातलं शेवटचं औषध इथे टाकीत ओतून टाकायचं, हे मला तरी बघवत नाही.

डब्यावर एन्रोफ्लॉक्सासिन असेल तर ते आपल्याकडे सर्रास मिळतं, आणि खऱ्या आजारात मीही ते लिहितो. पण हे ध्यानात ठेवा, की पक्ष्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. कराडच्या ताईंच्या रिपोर्टमधलं हेच ते सिप्रो. अमेरिकेने कोंबड्यांतला त्याचा वापर सप्टेंबर २००५ मध्ये बंद केला, कारण कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू त्याला जुमानेनासा झाला होता. त्या मुलाचा जंतू तुमच्या टाकीतून गेला असं मी म्हणत नाही. माणसंही सर्दीला सिप्रो खातात, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. सगळं खापर कोंबडीवर फोडू नये. पण तुमच्या वाट्याचं तुम्ही उचला.

तुमच्या तीन डोसांपैकी गंबोरोच्या लशीनंतरचा डोस तर आजच बंद करा. गंबोरो आणि मानमोडी हे विषाणूचे रोग, त्यांना अँटिबायोटिकचं काही सोयरसुतक नाही. लशीचा ताण म्हणून काही द्यायचंच असेल तर जीवनसत्त्वं द्या. पहिल्या पाच दिवसांच्या डोसाऐवजी पाण्याची लाइन साफ करा. पिल्लू उतरलं की आपण गूळपाणी देतो, ते चांगलंच आहे, पण गुळाचा अंश पाइपात आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतू घर करतात. बॅच गेली की लाइनमध्ये जंतुनाशक भरून ठेवा आणि मग धारेने बाहेर काढा. चालू बॅचला क्लोरीन असं टाका की सगळ्यात शेवटच्या निपलच्या पाण्यात ते ३ ते ५ पीपीएम उरेल. टाकीजवळ मोजून समाधान मानू नका. लस पाण्यातून द्यायची असेल तेव्हा आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद, नाहीतर लसच मरेल.

आणि मरतूक वाढली तर औषधाआधी तपासणी. नुकते मेलेले आणि आजारी दोन-चार पक्षी, औषध सुरू करायच्या आधी, बर्फात घालून प्रयोगशाळेत न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका. पुण्याला औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, आपल्या बाजूला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वर सांगितलेली चकत्यांची बशी तिथेही लावतात. दोन-तीन दिवस जातात हे खरं, आणि तेवढ्यात आणखी पक्षी मरतात हेही खरं. तोवर अंदाजाने एक औषध सुरू करावं लागलं तर पशुवैद्याला विचारून करा, रिपोर्ट आला की त्याप्रमाणे बदला, आणि एकदा सुरू केलेलं औषध वजनावर पुऱ्या डोसात, सांगितलेले सगळे दिवस द्या. आजारी पक्ष्याला औषध देऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही.

शेवटचं, लिफ्टिंगच्या म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलायच्या तारखेचं. औषधाच्या डब्यावर ते बंद केल्यापासून किती दिवसांनी पक्षी विकायचा ते लिहिलेलं असतं. एखाद्या औषधासाठी असा काळ तपासून ठरवलेला नसेल, तर आपल्या औषध नियमांप्रमाणे मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस धरायचे. चाळीस दिवसांच्या पक्ष्याला तिसाव्या दिवशी असलं औषध दिलं तर हिशोब कसा बसणार, ते तुम्हीच कंपनीच्या सुपरवायझरला विचारा. औषध त्यांचं असलं तरी टाकीत ओतणारा हात तुमचा आहे. वहीत तारीख, औषधाचं नाव आणि डोस लिहून त्याची सही घ्या. सही मागितली की निम्मी औषधं आपोआप कमी होतात, असा अनुभव आहे.

प्रश्न: आमची तासगावला द्राक्षबाग आहे, दरवर्षी दोन ट्रॉली कोंबडखत टाकतो. पोल्ट्रीतल्या औषधांमुळे ते विषारी होतं असं कुणीतरी सांगितलं. बागेत मांडवाखाली मेथी-कोथिंबीरही करतो. — द्राक्षबागायतदार, तासगाव

उत्तर: विषारी हा शब्द जास्त झाला. ताज्या कोंबडखतात औषधांचा थोडा अंश असतो आणि ते पचवलेले जंतू भरपूर असतात, एवढं खरं. द्राक्षाला त्याचा धोका फारसा नाही. खत पडतं खरड छाटणीच्या आसपास, माल निघतो फळछाटणीनंतर जानेवारीच्या पुढे, आणि घड मांडवावर लटकतो, मातीला टेकत नाही. मला काळजी तुमच्या मेथीची आहे. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेणखत-कोंबडखत टाकल्यावर मातीला लागून येणाऱ्या पिकासाठी काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलंय. मेथी महिन्या-दीड महिन्यात उपटतात, आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच पोह्यावर भुरभुरवतो.

म्हणून खत ताजं टाकू नका. ढीग लावा, पाणी मारा, झाका, आणि आत हात घालवणार नाही इतका तापला की वरचं खाली करून पुन्हा लावा. ढिगाच्या आत ५५ अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकली की बहुतेक रोगजंतू मरतात. कडेचं खत तापत नाही, म्हणून उलथापालथ हवीच. ढीग विहिरीच्या चढाला लावू नका, पहिल्या वळवात सगळं पाण्यात जातं. मजुरांना हातमोजे द्या.

जाता जाता, डाळिंबाच्या तेल्या रोगावर आटपाडीकडे जे स्ट्रेप्टोसायक्लीन फवारतात, त्यातही स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन हीच माणसांची औषधं आहेत. कोंबडीवाल्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये ते यासाठी.

प्रश्न: मी कुंडलच्या मैदानासाठी तयारी करतोय. तालमीत सकाळी एका पातेल्यात पन्नास-साठ अंडी फोडून दुधात घुसळतात, सगळे तेच पितात. वस्ताद म्हणतात कच्च्यातच ताकद, आणि अंडी गावठी असल्यामुळे भीती नाही. बरोबर का? — एक पैलवान, पलूस तालुका

उत्तर: पैलवान, वस्तादांना डावाबद्दल विचारा, अंड्याबद्दल माझं ऐका. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रथिन अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. साठ अंडी कच्ची पिऊन तुम्ही तीस वाया घालवताय. वर कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं, तेही शरीराला मिळत नाही.

भीतीचं म्हणाल तर साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जंतू कोंबडीच्या अंडाशयातच बसतो आणि कवच तयार होण्याआधी अंड्यात शिरतो. बाहेरून अंडं स्वच्छ, आत जंतू. असं अंडं क्वचितच निघतं, पण साठ अंडी एका पातेल्यात फोडलीत की त्या एकाने सगळं पातेलं बाटतं आणि अख्खी तालीम आडवी. गावठी म्हणून सूट नाही. ती उकिरड्यावर चरते, अंडं खुराड्यात विष्ठेवर पडतं. तिला औषध कमी मिळालेलं असतं, त्यामुळे निबर जंतू कमी असण्याची शक्यता आहे, पण जंतूच नसतील असं नाही. उकडून खा. पिवळं घट्ट होईपर्यंत.

प्रश्न: सांगलीत ‘अँटिबायोटिक-फ्री’ पाटी लावून दीडपट दराने चिकन मिळतं. घ्यावं का? — विश्रामबाग, सांगली

उत्तर: परवडत असेल तर घ्या, पण पाटीचा अर्थ आधी विचारून घ्या. त्याचे दोन अर्थ निघतात. एक, पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून पक्ष्याला अँटिबायोटिक दिलंच नाही. दुसरा, दिलं होतं, पण वेळेवर बंद केल्यामुळे मांसात त्याचा अंश उरलेला नाही. दुसऱ्या प्रकारात तुमच्या पोटात औषध जाणार नाही हे खरं, पण शेडात निबर जंतू तयार व्हायचे ते होऊन गेले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत औषधाचा अंश निघाला होता. त्या बातमीनंतर असल्या पाट्यांचा भाव वाढला. पण अंश मोजणं आणि जंतू मोजणं या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, आणि पाटीवर दुसरी कधीच नसते.

दुकानदाराला विचारा की पक्षी कुठल्या शेडचा, आणि तपासणीचा कागद आहे का. कागद दाखवला तर दीडपट द्या. नुसतं ‘साहेब, आपला माल एक नंबर’ म्हणाला तर नेहमीच्या दुकानातून घ्या, आणि दोन्हीकडचं सारखंच शिजवा.

लसीकरणाच्या वेळापत्रकाची आणि शेळ्यांच्या जंताची पत्रं जागेअभावी राहिली आहेत, ती पुढच्या अंकात. शेळीवाल्यांनी तोवर जंताचं औषध अंदाजाने पाजू नये, आधी लेंड्या तपासून घ्याव्यात.